नर माशाचं औषध

६ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, तेवढ्याबद्दल आभार. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून आता कागद. घरी पाठवलं तर वहिनीच्या हाती पडेल, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. लिफ्ट तपासायला निघण्याआधी जरा बस आणि शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाड.

तुझं बायपासचं ऑपरेशन ठरलं, हे मला वहिनीने कळवलं. तुला कळवावंसं वाटलं नाही, ठीक आहे. ती रडत नव्हती, उलट मलाच धीर देत होती. ‘ताई, हल्ली ही ऑपरेशनं सर्रास होतात हो.’ मी हं हं करत होते आणि डोक्यात भलतंच काहीतरी फिरत होतं.

बायपास करताना रक्त गोठू नये म्हणून एक औषध देतात. काम झालं की त्याचा असर उतरवायला दुसरं देतात. त्या दुसऱ्याचं नाव प्रोटामिन. ते नर माशाच्या वीर्यातून काढतात. हस, हस. ज्याच्या मागे लागून मी केस पांढरे केले, ज्याच्यावरून तू मला चारचौघांत ‘मासेवाली’ म्हणतोस, तेच ते प्रथिन. ते आता तुझ्या नसेत जाणार आहे.

बहुतेकांना त्याने काहीही होत नाही. पण नसबंदी झालेल्या पुरुषांपैकी क्वचित कुणाच्या शरीराला ते चालत नाही आणि रक्तदाब एकदम कोसळतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात, औषध थेंबाथेंबाने देतात. माहीत नसलं तर ऐन वेळी धावपळ.

तुझी नसबंदी झाली आहे हे वहिनीला माहीत नाही. मला आहे, कारण तू ते मला आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये सांगितलंस. मूल राहत नाही म्हणून तिने तुला माझ्याकडे तपासणीला धाडलं होतं, ‘घरचीच आहे, लाज कसली’ म्हणून. तू गाडीतून उतरलाच नाहीस. काच खाली केलीस आणि म्हणालास, ‘तपासून काही निघायचं नाही. छकुली गेली त्याच वर्षी नस बांधून घेतली मी. पुन्हा ते सगळं नको होतं मला.’

आपल्या लेकीचं नाव तू किती दिवसांनी घेतलंस तेव्हा! तिचं दुखणं रक्तातलं होतं, पुन्हा होणारं मूलही त्यातच सापडेल अशी तुझी समजूत. तिच्या आईने माहेरची वाट धरल्यावर तू एकटाच जाऊन ते करून आलास. तिथपर्यंत मी तुला बोल लावत नाही. पण मग या वहिनीशी लग्न केलंस तेव्हा तिला का नाही सांगितलंस? तर म्हणे, ‘सांगणार होतो.’

तुझी गाडी गेल्यावर मी वर जाऊन वहिनीला फोन केला. काय सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे.

गेल्या वर्षी मी ‘आता तिला सांगून टाक’ म्हटलं, तर तू म्हणालास, ‘तुझ्या बरण्यांत नाक खुपस, आमच्या संसारात नको.’ बरं, नाही खुपसत. वहिनीला काही सांगू नकोस. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना एकटं गाठ आणि त्यांच्या कानावर घाल. एका वाक्याचं काम आहे.

तुझी,
मासेवाली

१५ जानेवारी

दादा,

उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं. पण वहिनीचा फोन आला होता. ती हसत हसत सांगत होती, ‘डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठलं ऑपरेशन? तर हे म्हणतात, अक्कलदाढ काढली होती, तेव्हापासून अक्कल कमी आहे. डॉक्टरसुद्धा हसले.’

मी हसले नाही.

तू लिफ्ट तपासणारा माणूस. दोरखंडातला एक तार उसवलेली दिसली तर अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावतोस, लोकांच्या शिव्या खातोस, पण सही करत नाहीस. आणि स्वतःच्या वेळी दाढेचा विनोद करतोस. धोका थोडा आहे हे मला मान्य आहे. दोरखंड तरी रोज कुठे तुटतो?

तू म्हणशील, त्या माशाचं आणि माझं नातं काय? तेच सांगते. आजवर तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी धड सांगितलं नाही.

आपण लहानपणी गावाला निघायचो तेव्हा आई वळकटी बांधायची ते आठवतं? गाद्या, पांघरुणं, उशा, सगळा पसारा गुंडाळायचा, मग तू वर चढून बसायचास आणि आई पट्टा ओढायची. एवढासा गठ्ठा व्हायचा. पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. एरवी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळं अशी की हवा तेवढा धागा सोडवावा, वाचावा, परत गुंडाळावा. घरात पसरलेलं अंथरूणच म्हण. पण शुक्रपेशीला प्रवासाला जायचं असतं. ती तयार होताना बहुतेक सगळी रिळं काढून टाकली जातात आणि त्या जागी प्रोटामिन येतं. ते धाग्याला असं घट्ट आवळतं की सगळा ऐवज इवल्याशा डोक्यात मावतो, आणि मग तो कुणाला वाचता येत नाही. बीजांडात पोचल्यावर तिथे पट्टे सुटतात आणि आईकडची नवी रिळं लागतात.

हे प्रथिन आलं कुठून, तर त्या रिळांच्याच गोतावळ्यातून. रिळांवरचा धागा बाहेरून दाबून धरणारं एक प्रथिन असतं, त्याच्याच एका जुन्या शाखेतून हे निघालं असं आम्ही मानतो. काही माशांनी ते कधी घेतलंच नाही, त्यांचं अजून रिळांवरच भागतं. काहींनी घेतलं. वळू बहुतेक एकाच जातीच्या प्रोटामिनवर काम उरकतो, माणसाला दोन लागतात. आणि ते बदलतं इतक्या वेगाने की शेजारपाजारच्या दोन प्राण्यांचं ठेवलं तर ओळखू येऊ नये. एवढं बदलूनही खोड तीच राहिली आहे, समोर दिसेल त्या धाग्याला मिठी मारायची. रक्त पातळ करणाऱ्या औषधालाही ते अशीच मिठी मारतं, म्हणून तर तुमच्या हॉस्पिटलात त्याला मान.

आता तुझं. शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होतात, त्याही आडोशाला. शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्या कधी पाहिलेल्या नसतात. नस बांधली तरी त्या तयार होतच राहतात. वाट बंद, मग कुठेतरी झिरपतात, आणि पहारेकरी स्वतःच्याच घरच्या माणसाला चोर समजून त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. तुझ्या रक्तात ती ओळख तयार असेल आणि त्यात हा माशाचा चुलतभाऊ शिरला, तर एखादे वेळी ते त्याच्यावरही धावून जातील. बस, एवढंच नातं.

वहिनी त्या दिवशी आणखीही काही म्हणाली. ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरांना सांग रे. मी हात जोडते.

मासेवाली

२३ जानेवारी

दादा,

मी वहिनीला सांगितलं.

एव्हाना तुला कळलंच असेल. तरी ते माझ्या हातचं तुझ्याकडे असावं म्हणून लिहिते. तुझं उत्तर नाही. हॉस्पिटलला फोन लावला तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये, मग राउंडवर, मग घरी गेलेल्या. तारीख अंगावर येत होती. शेवटी मी वहिनीला फोन लावला.

ती तुझी हॉस्पिटलची पिशवी भरत होती. मी आधी औषधाचं सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं असेन, मला आता शब्द आठवत नाहीत. मग नसबंदीचं. ती म्हणाली, ‘कुणाची?’

‘दादाची.’

‘नाही हो ताई. तुमची काहीतरी गफलत होतेय. मला बोलले असते ना.’

मी कधी, का, ते सांगितलं. छकुलीचंही. पलीकडून बराच वेळ फक्त टॉवेल झटकल्याचा आवाज येत राहिला. एकच टॉवेल ती झटकत असावी. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्या पोटात इतक्या सुया मारून घेतल्या मी, त्या कशासाठी?’

मी म्हटलं, ‘आत्ता डॉक्टरांना कळणं महत्त्वाचं आहे.’

‘सांगते. उद्याच सांगते. बाकीचं ते बरे झाल्यावर बघू.’ आणि मग तिने मलाच विचारलं, ‘तुम्ही जेवलात का?’

दादा, तुझ्या जिवाचा प्रश्न होता. माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तू माझं तोंड बघणार नाहीस हे धरून चालले आहे. तू जिवंत राहून माझ्यावर चिडलेला मला चालेल.

मासेवाली

९ फेब्रुवारी

दादा,

तू घरी आलास हे कळलं. हे पत्र घरच्याच पत्त्यावर. आता लपवायचं कुणापासून?

ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे होते. तुला माहीत नसेल. त्या लांब कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या यंत्राजवळच्या बाकावर वहिनी बसली होती आणि मी तिच्या शेजारी. तिने तुझा चष्मा हातात धरला होता आणि पदराने सारखा पुसत होती. इतका पुसला की काच विरघळायची राहिली.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाहेर आल्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ. म्हणाल्या, ‘सगळी तयारी ठेवली होती. आधी अगदी थोडं देऊन पाहिलं, मग सावकाश बाकीचं. काहीही झालं नाही. रक्तदाब हललासुद्धा नाही.’

वहिनी म्हणाली, ‘देवाची कृपा.’ मीही तेच म्हणाले. खरं सांगू? मला आनंद झाला आणि त्याच्याच पाठोपाठ तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्या शरीराला त्या माशाचं काही वावगं वाटलंच नव्हतं. पाहुणा आला तसा गेला. मी एवढं आकाशपाताळ एक केलं होतं त्यातलं काहीच घडलं नाही. म्हणजे घडायला हवं होतं असं नाही रे. पण घडलं असतं तर मला स्वतःकडे बघायला सोपं गेलं असतं. असलं काही बहिणीने लिहू नये. लिहिलं.

तू शुद्धीवर आलास, तुला ओळख पटली, पाणी मागितलंस, तोवर वहिनी थांबली. पुढे वॉर्डात हलवेपर्यंतही रोज आली. तुझे पाय चेपले, गोळ्या दिल्या. मग तुझ्या मित्राला बोलावून सगळं समजावून सांगितलं, कुठली गोळी कधी, जिना कधी चढायचा, आणि चष्मा तुझ्या उशाशी ठेवून निघून गेली. तिने तुला काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, ते मला ठाऊक नाही. तिने सांगितलं नाही. तू गप्पच राहिलास एवढंच म्हणाली.

ती बरी आहे. कुठे आहे ते विचारू नकोस. पथ्य सांभाळ. पंख्याखाली उघड्या अंगाने बसू नकोस, ती सवय तुला आहे.

मासेवाली

१८ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि वाचण्याआधीच डोळे भरून आले. मग वाचलं.

‘तपासणीला गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू त्यांना आधीच फोन करून सगळं कळवलं होतंस. आणि दुसऱ्याच्या नमुन्याबद्दल मी तिला काही बोललेलो नाही.’

खाली सहीसुद्धा नाही.

हो. मी त्यांना कळवलं होतं. फोन पहिल्याच प्रयत्नात लागला. ऑपरेशनमध्ये, राउंडवर, घरी, हे सगळं मी तुला रचून लिहिलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत. मी बघते. घरच्यांना कळवायची मला काही गरज नाही.’ म्हणजे तुझ्या जिवाची काळजी तिथेच मिटली होती. तुझं गुपितही शाबूत होतं. वहिनीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला.

मी तुला वाचवायला तिला सांगितलं नाही. तू वाचलेलाच होतास.

मग कशाला सांगितलं? आधी तिचं ते वाक्य, जे मी तेव्हा लिहिलं नाही. ती म्हणाली होती, ‘हे एकदा बरे झाले की शेवटचा एक प्रयत्न करायचा, ताई. तुम्ही याल ना बरोबर?’ मुलासाठी ती उपचार घेत होती त्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर जात असे, तुला माहीत आहे. तुझ्या पार्किंगच्या आधीही आणि नंतरही. नंतरही, दादा! ती सुई टोचून घ्यायची तेव्हा माझा हात घट्ट धरायची, आणि मी तो धरू द्यायचे. दवाखान्यातल्या बाई दर खेपेला म्हणायच्या, ‘यजमानांचं तर ठीक आहे ना?’ वहिनी अभिमानाने म्हणायची, ‘आमच्या ताईंनीच तपासलंय. त्यांचं कामच ते.’

कारण तू गाडी वळवून गेल्यावर मी वर जाऊन तिला फोनवर सांगितलं होतं, ‘तपासलं. सगळं उत्तम आहे.’ तिला सांगू नकोस असं तू मला म्हणालास, पण हे सांग असं कुठे म्हणाला होतास? मला ‘नमुना मिळाला नाही’ म्हणता आलं असतं. ‘त्यालाच विचार’ म्हणता आलं असतं. पण मी या विषयातली मोठी शहाणी, मला उत्तर माहीत नाही असं म्हणायची सवयच नाही. आणि तुझी बाजू राखल्याचा एक तोराही होता. त्या एका वाक्यावर तिने पुढच्या सगळ्या सुया घेतल्या. दोष आपल्यातच आहे असं ती धरून चालली, कारण मी तिला दुसरी वाटच ठेवली नव्हती.

आता त्या फोनचं. सुयांचं विचारल्यावर तिने लगेच पुढचं विचारलं, ते मी तुला लिहिलं नाही. ‘पण ताई, तुम्ही तर तपासलं होतं ना? उत्तम आहे म्हणालात ना?’

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर घेऊनच मी फोनला बसले होते. मी म्हटलं, ‘मलाही फसवलं गं त्याने. दुसऱ्या कुणाचातरी नमुना आणून दिला. मला आत्ता कळतंय.’

हे मी तुझ्या नावावर घातलं. तू न केलेलं.

आणि ऑपरेशनच्या आधीच का सांगितलं, तर त्या गडबडीत ती खोलात शिरणार नाही म्हणून. जिवाची भीती घातली की माणूस तारखा जुळवत बसत नाही. म्हणून तर तो धोका मी तिच्यापुढे डोंगराएवढा केला. याच्याही खाली एक विचार होता. तो मी तेव्हा मनात येऊ दिला नाही, पण होता. तुला काही झालंच असतं, तर पार्किंगमध्ये खरं काय बोलणं झालं ते सांगायला कुणी उरलं नसतं. मी तुझं वाईट चिंतलं नाही, दादा. पण हिशेब मनात कुठेतरी झाला होता, आणि तो झाला होता हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं.

तिने तुला हॉस्पिटलात विचारलं असेल, दुसऱ्याचा नमुना दिलास का म्हणून. आणि तू, छातीला टाके, धड बोलता येत नाही, तू गप्प राहिलास. एका शब्दात माझं पितळ उघडं पाडता आलं असतं. मी तुझं झाकलेलं सगळं उघड्यावर मांडलं आणि तू माझं झाकलंस. चिडून चार शिव्या दिल्या असत्यास तर मला परवडलं असतं.

वहिनी कुठे आहे ते विचारू नकोस असं मी लिहिलं होतं. ती माझ्याकडे आहे. तेव्हापासून. मधल्या खोलीत झोपते. सकाळी माझ्याआधी उठून माझा डबा भरते, नको म्हटलं तरी ऐकत नाही. तिला एका शाळेच्या ग्रंथालयात काम मिळालं आहे. मूल हवंच आहे तिला, आता दत्तक घ्यायचं म्हणते. त्या चौकशीलाही मीच बरोबर यावं असा तिचा हट्ट आहे. परवा शेजारणीला सांगत होती, ‘नवऱ्याने फसवलं, पण नणंदेने सख्ख्या भावाची भीड ठेवली नाही. अशी माणसं राहिलीत कुठे?’ मी आत भांडी लावत होते. लावतच राहिले.

रोज ठरवते, आज सांगायचं. ती समोर येऊन बसली की मी माशांच्या गोष्टी सांगते. तिला आवडतात. काल तिने विचारलं, ‘त्या बीजांडात गेल्यावर सगळे पट्टे सुटतात म्हणता, ते नक्की कोण सोडवतं?’ मी तिला ते अगदी नीट समजावून सांगितलं.

हे पत्र ‘तूच तिला खरं सांगून टाक’ असं लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहून खोडलं, रेघांखाली दिसत असेल. सांगायचं असेल तर मीच सांगायला हवं, आणि मी सांगत नाही. तिने हे घर सोडलं तर तिला जायला जागा नाही असं मी स्वतःला समजावते. पण तेही खरं नाही. तिची बहीण तिला केव्हाची बोलावते आहे. कुणीतरी मला चांगली म्हणतं आहे, ते सुटत नाही.

ती आत्ताच डोकावली. ‘कुणाला एवढं लांबलचक लिहिताय?’

‘दादाला.’

ती दारातच थांबली. मग म्हणाली, ‘त्यांना माझ्याकडून एक लिहा. म्हणावं, निदान बहिणीकडून तरी खरं बोलायला शिका.’

मी म्हटलं, ‘लिहिते.’